अशी कोणी मुलगी इथे नाही

रीता ऑफिसात आली तेव्हा तिच्या हातात पेढ्यांचा पुडा नाही, हे मी आधी पाहिलं. एकोणतीस वर्षं कॉलेजात बाबूगिरी केल्यावर माणसाला तोंडाआधी हात बघायची सवय लागते. पास झालेला पेढे घेऊन येतो, नापास झालेला अर्ज घेऊन येतो. रीताच्या हातात एक कागद होता.

रीता उदयसिंग आडे. मानोऱ्याजवळच्या तांड्यावरची पोरगी. सहा वर्षांपूर्वी आमच्याकडून बीबीए झाली. तांड्यावरच्या दोघी होत्या त्या वर्गात, रीता आणि निता. निताला नागपूरच्या एका विमा कंपनीने निवडलं होतं, तिने पेढेही वाटले होते, पण पुढे कागद तपासणीत काहीतरी अडलं आणि ती परत आली. आता दसरा झाला की नवऱ्याबरोबर ऊसतोडीला जाते. एकेकाचं नशीब असतं, असं मी म्हणायचो. रीताचं नशीब उजळ निघालं. ती पुण्यात एका गोदामाच्या कंपनीत लागली आणि यंदा जर्मनीतल्या विद्यापीठात तिला पुढच्या शिक्षणासाठी जागा मिळाली. अट एकच होती, पदवी खरी आहे हे तपासून घ्यायचं.

त्या तपासणीसाठी पोरगी चार महिने धावली. अमरावतीला विद्यापीठात खेपा घातल्या, गुणपत्रकं सीलबंद पाकिटात घेतली. मग जर्मनीवाल्यांनी विचारलं, प्रत्येक विषयात काय शिकवलं आणि किती तास शिकवलं. ते काम माझ्याकडे आलं. मी माळ्यावरून सहाही सेमिस्टरचा जुना अभ्यासक्रम शोधून काढला, धूळ झटकली आणि पानापानावर गोल शिक्का मारला. ठसा फिका उमटला की ते पान बाजूला, दुसरी झेरॉक्स. प्राचार्य म्हणाले, रामराव, एवढं कशाला करता? मी म्हटलं, सर, आपला शिक्का समुद्रापार चालला आहे, पुसट कसा पाठवू?

जाताना रीता बजावून गेली होती की ते लोक कॉलेजलाही विचारतील. मी म्हटलं, विचारू दे की, आपलं काय चोरीचं आहे? त्या दिवसापासून मी पोस्टमनला रोज विचारायचो, परदेशी तिकिटाचं पाकीट आलं का म्हणून. तो बिचारा कंटाळून गेला होता.

तर त्या ऑगस्टमधल्या मंगळवारी रीताने तो कागद माझ्या टेबलावर ठेवला. इंग्रजी होता. मी चष्मा शोधेपर्यंत तिनेच सांगितलं. संस्थेने कळवलं आहे की या नावाची विद्यार्थिनी तिथे कधीच शिकलेली नाही. म्हणून प्रमाणपत्र बनावट धरण्यात येत आहे. तीन आठवड्यांत समाधानकारक खुलासा आला नाही तर प्रवेश रद्द होईल आणि पुढे कधीही अर्ज करता येणार नाही. तीन आठवड्यांतले नऊ दिवस गेले होते.

मला काही ऐकूच येईना. कधीच शिकलेली नाही? ज्या पोरीचा प्रवेश अर्ज मी स्वतः भरून घेतला, जिच्या बापाचा अंगठा मी स्वतः शाईत बुडवला, ती कधीच शिकलेली नाही?

मग माझं डोकं फिरलं. मी खोटं सांगत नाही, माझा राग वाईट आहे. मी विद्यापीठाला शिव्या घातल्या, जर्मनीला घातल्या, कॉम्प्युटरला घातल्या. चोर सोडून संन्याशाला फाशी देता काय, असं कोणालातरी उद्देशून ओरडलो. २०१६ चं प्रवेश रजिस्टर काढून धाडकन टेबलावर आपटलं आणि तिचं नाव दाखवलं, माझ्याच वळणदार अक्षरातलं.

"ज्यानं कोनी हे सांगतलं त्याले मी सोडत नाई," मी रीताला म्हटलं. "माह्यं रजिस्टर खोटं बोलत नाई."

तिला घेऊन मी तसाच प्राचार्यांच्या खोलीत शिरलो. ऋषिकेश सर वयाने माझ्या पोराएवढे, पण माणूस थंड डोक्याचा. त्यांनी कागद दोनदा वाचला. तपासणीचं काम बेंगळुरूच्या एका खासगी कंपनीला दिलेलं होतं. खाली नंबर होता. सरांनी फोन लावला आणि आवाज मोठा करून टेबलावर ठेवला.

पलीकडची बाई नम्र होती. तिने हिंदीत सगळं सांगितलं. कॉलेजच्या ईमेलवर तीन पत्रं पाठवली, उत्तर आलं नाही. येणारच नव्हतं, कारण त्या ईमेलचा पासवर्ड बदली होऊन गेलेल्या आधीच्या प्राचार्यांबरोबर गेला होता. म्हणून त्यांनी ऑफिसच्या नंबरवर फोन केला. तीन जुलै, सकाळी अकरा चाळीस. एका पुरुष कर्मचाऱ्याने उत्तर दिलं, स्वतःचं नाव न सांगता फोन ठेवला. संभाषणाची नोंद आहे, ऐकायची का, असं तिने विचारलं.

मी म्हटलं, हो, ऐकवाच.

आधी गाड्यांचा आवाज आला. मग एका तरुण पोराचा आवाज, हिंदीत. रीता आडे नाम की लडकी आपके यहाँ पढती थी क्या? कौनसे साल में? उसकी जन्मतारीख बता सकते हैं? मग कोणीतरी खाकरलं. ते खाकरणं ओळखीचं होतं. दारात उभा असलेला शिपाईसुद्धा माझ्याकडे बघायला लागला.

"ऐसी कोई लडकी हमारे इधर नहीं. कभी थी भी नहीं. दुबारा फोन मत करना."

खट. फोन ठेवल्याचा आवाज.

तो आवाज माझा होता. खाकरणं माझं, रिसीव्हर आपटायची तऱ्हाही माझी. एवढं सगळं ऐकूनही मला तो फोन आठवत नव्हता, हे सगळ्यात भयंकर. रोज चहा किती घेतला हे जसं आठवत नाही, तसा तो गेला होता डोक्यातून.

रीता ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती खुर्चीत बसली.

"काका," ती म्हणाली, "हे तं तुमी हाय."

आता हे कसं झालं ते सांगतो. समजून घ्या किंवा घेऊ नका.

रीता पहिल्या वर्षाला असताना एका माणसाने ऑफिसात फोन केला होता. एका पोरीचा मामा बोलतोय म्हणाला, ती किती वाजता सुटते, कोणत्या गाडीने जाते, विचारलं. तेव्हाच्या लिपिकाने भोळेपणाने सांगून टाकलं. तो मामा नव्हता. त्याने त्या पोरीला स्टँडवर इतकं छळलं की बापाने तिचं कॉलेजच बंद केलं. त्याच वर्षी दसऱ्यानंतर उदयसिंग आणि रुपाबाई ऊसतोडीला निघाले. निघायच्या दिवशी दोघं माझ्या टेबलासमोर उभे राहिले. उदयसिंग म्हणाला, बाबूजी, पोरगी तुमच्या हवाली करून चाललो. कोणी पुसलं तर सांगू नका. रुपाबाईने नुसते हात जोडले.

मी तो शब्द पाळला. उदयसिंगच्या पोरीसाठीच नाही, सगळ्यांच्याच पोरींसाठी. फोनवर अनोळखी पुरुषाचा आवाज, आणि विचारतो कोणाबद्दल, तर मुलीबद्दल. नाव काय, वर्ग कोणता, जन्मतारीख काय. माझं उत्तर ठरलेलं होतं. अशी कोणी मुलगी इथे नाही. मला त्या वाक्याचा अभिमान होता हो. आमच्या कॉलेजात पोरी पाठवायला तांड्यावरचे लोक घाबरत नाहीत ते माझ्यामुळे, असं मी चारचौघांत सांगायचो. जर्मनी मला पत्र पाठवेल, शिक्का मारून पाठवेल, असं मी धरून बसलो. जर्मनी बेंगळुरूच्या रस्त्यावरून हिंदीत फोन करेल, आणि नेमकं त्या टपोऱ्यांसारखंच विचारेल, हे माझ्या बापालाही सुचलं नसतं. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती.

बेंगळुरूच्या बाईने स्पष्ट सांगितलं. ज्याने नकार दिला त्यानेच सही करून लेखी कारण द्यावं, सोबत रजिस्टरची प्रत. नुसतं कॉलेजचं पत्र चालणार नाही.

सरांनी मला बाजूला घेतलं. माझी निवृत्ती जानेवारीत. जाणूनबुजून खोटी माहिती दिली असं लिहून दिलं तर चौकशी लागू शकते, हे त्यांनी समजावलं. नाव नीट ऐकू आलं नाही असं लिहा, म्हणाले. मी तसंच लिहायला बसलो. गैरसमजातून असा प्रकार घडला, एवढं लिहिलं आणि पेन थांबलं. रीता शेजारी बसून इंग्रजी करणार होती. तिने वाचलं.

"गैरसमज नाई झाला काका," ती म्हणाली. "तुमी मले वयखत होते. म्हनूनच नाई म्हनलं न?"

मी तो कागद फाडला. दुसऱ्यावर लिहिलं की रीता उदयसिंग आडे ही आमच्याकडे तीन वर्षं शिकली, मी तिला ओळखतो, आणि ओळखतो म्हणूनच मी नाही म्हणालो. का म्हणालो तेही लिहिलं. उदयसिंगचं आणि रुपाबाईचं लिहिलं. खाली सही केली, पूर्ण नाव घातलं आणि शिक्का मारला. ठसा पहिल्याच वेळी नीट उमटला. त्यानंतरचे आठ दिवस मी धड जेवलो नाही. बायको विचारायची, मी खेकसायचो.

नवव्या दिवशी रीता आली. या वेळी हातात पेढ्यांचा पुडा होता. पदवी खरी ठरली होती, प्रवेश कायम झाला होता. मी खुर्चीवरून उठलो, मग परत बसलो. डोळे भरून आले आणि मी ते लपवले नाहीत. म्हाताऱ्या माणसाने पोरीसमोर रडू नये असं कोणी म्हणेल, म्हणू दे.

मी पुड्याकडे हात नेला. रीताने पुडा आपल्याकडे ओढून घेतला.

"पेढे मंग खाऊ काका. मी लय दिवसांपासून इचार करून राह्यली. अजून कोनाकोनाले तुमी असं म्हनलं?"

माझा हात तिथेच राहिला.

मी आठवायला लागलो. फोन खूप आले होते. पुण्याहून, नागपूरहून, हैदराबादहून. बोलणारा नेहमी पुरुषच असायचा. कोणी म्हणायचा, कंपनीतून बोलतोय. मी म्हणायचो, सगळेच कंपनीतून बोलतात. रजिस्टर टेबलावरच होतं. रीताच्या नावाखाली तीन ओळी सोडून निता बाबूसिंग चव्हाण. कागद तपासणीत काहीतरी अडलं होतं. काय अडलं ते नागपूरवाल्यांनी तिला सांगितलं नव्हतं, आणि तिनेही कोणाला विचारलं नव्हतं. गेल्या दसऱ्याला मानोऱ्याच्या स्टँडजवळ ट्रकमध्ये चढताना ती मला दिसली होती, कडेवर लेकरू, पायाशी भांड्यांचं बोचकं. खाली उतरून माझ्या पाया पडली होती. मी तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणालो होतो, एकेकाचं नशीब असतं बाई.

रीताने आपल्या फोनमधून निताचा नंबर काढला, लावला आणि माझ्या हातात दिला. पलीकडे बायकांचा गलका होता, सोयाबीनमध्ये निंदण चाललं असावं.

"हॅलो, कोन?"

"मी कॉलेजातून रामराव बोलतो," मी म्हटलं.

"रामराव काका?" तिचा आवाज एकदम खुलला. "माह्यं नाव ध्यानात हाय तुमच्या?"

"हाय. निता बाबूसिंग चव्हाण. सन दोन हजार सोळा." या वेळी मी खाकरलो नाही. "तू होती बाई. तू आमच्या इथं होती."

ती हसली.

"ते तं मले मालूम हाय काका. पन आज फोन कायले केला?"