वासापुरती कॉफी

मी एक जुना कॉफी ग्राइंडर आहे. सध्या विश्रांतवाडीत एका भंगारवाल्याच्या शेडमध्ये, मोडक्या कूलरशेजारी पडून असतो. मित्रांनो, माझी पाती अजून शाबूत आहेत.

माझा जन्म दक्षिणेतल्या एका कारखान्यातला. वाशिमहून पुण्यात आलेल्या सुदर्शनने मला वारज्यातल्या आपल्या छोट्या कॉफीच्या दुकानासाठी घेतलं. पहिले दोन महिने मी आत, बेसिनजवळ होतो. गिऱ्हाईक फिरकत नव्हतं. मग त्याची बायको भाग्यश्री म्हणाली, "अहो, याला दाराशी ठेवा. पाटी कोणी वाचत नाही, वास तरी रस्त्यापर्यंत जाईल."

आणि खरंच, सकाळी फिरायला निघालेली माणसं थबकू लागली. भाग्यश्री प्रत्येकाचं नाव लक्षात ठेवी. कोणाला कडक लागते, कोणाला साखर चालत नाही, तिला पाठ होतं. घरी कॉफीची पुडी नेणाऱ्याच्या समोर ती बिया दळायची आणि पुडीवर त्या दिवसाची तारीख घालायची. निवृत्त शिक्षिका इंदुबाई चार मैत्रिणींना घेऊन रोज यायच्या. "यंत्र गुणी आहे हो तुमचं," असं त्या एकदा म्हणाल्या. मला फार बरं वाटलं होतं.

मग समोर एका मोठ्या कंपनीचं चकचकीत दुकान उघडलं. सुदर्शन घाबरला. त्याने मोबाईलवर सवलतीची कूपनं पाठवून निम्म्या किमतीत कॉफी द्यायला सुरुवात केली. गर्दी झाली, पण सवलत संपताच तीच गर्दी समोर गेली.

"आपल्याकडे लोक स्वस्त म्हणून येत नव्हते," भाग्यश्री म्हणाली.

"मग काय तुझ्या तारखा वाचायला येत होते?" तो खेकसला.

आई आजारी पडली म्हणून ती माहेरी गेली, आणि त्याच आठवड्यात हलक्या, तयार भुकटीची पोती आली. मला मात्र दाराशीच ठेवलं. सकाळी मूठभर चांगल्या बिया माझ्यात टाकून वास रस्त्यावर सोडायचा आणि आत कपात भुकटी. मी नकार कसा देणार? बटण दाबलं की फिरायचं, एवढंच मला येतं.

इंदुबाईंनी एक घोट घेतला. "वास कॉफीचा होता, सुदर्शन. हे काय आहे?" कप तसाच ठेवून त्या गेल्या. मैत्रिणीही गेल्या.

भाग्यश्रीने परतल्यावर पोती पाहिली. ती भांडली नाही. तिने लोणी काळभोरच्या एका कॉलेजात नोकरी धरली आणि पुन्हा दुकानाची पायरी चढली नाही.

दुकान बंद करायच्या दिवशी इंदुबाई रस्त्याने चालल्या होत्या. सुदर्शनने उरलेल्या चांगल्या बिया दळल्या, कॉफी केली आणि कप घेऊन धावला. "बाई, आज खरी आहे."

त्यांनी उभ्याउभ्या ती संपवली. "छान झालीय. पण आता प्रत्येक घोटाला शंका येते रे."

मित्रांनो, गिऱ्हाईक दारापर्यंत आणावंच लागतं, त्यात गैर काही नाही. पण दारात जे सांगाल, तेच आत द्या. आणि तुमच्या भागात असं एखादं प्रामाणिक दुकान असेल, तर ते चालू आहे तोवर जात राहा. मला टेम्पोत चढवलं, तेव्हा बंद शटरसमोर हळहळायला पुष्कळ जण जमले होते. त्यातल्या बऱ्याच जणांच्या हातात समोरच्या दुकानातला कप होता.