सरांची हिरवी रेघ

मित्रांनो, मी एक जुना कॅमेरा आहे. मी टिपलेल्या प्रत्येक चित्रात एक उभी हिरवी रेघ येते. ती मला जन्मतः नव्हती.

कारखान्यातून निघालो तो मी थेट एका महाविद्यालयात आलो. तिथे व्याख्यानांचे चित्रण करणाऱ्या ताई होत्या. त्या मला तळहातावरच्या फोडासारखे जपत. आमचे सर्वांत लाडके गिऱ्हाईक म्हणजे भौतिकशास्त्राचे सर. "मोजल्याशिवाय मानायचं नाही," हे वाक्य ते तासाला दोनदा तरी म्हणतच.

सभागृहाच्या मागच्या टोकाला ताई आणि मी, पुढे मंचावर सर. त्यांना ओरडून सांगायचा कंटाळा. ते हातातल्या लेझर पॉइंटरचा लाल ठिपका माझ्या अंगावर टेकवत, की ताई समजत, सुरू करायचे. अकरा वर्षे हे असेच चालले. तो पॉइंटर मिणमिणता होता. त्याने माझे काही वाकडे केले नाही, म्हणून आम्ही सगळेच निर्धास्त राहिलो.

मग सरांनी नवा, हिरवा पॉइंटर आणला. त्याच्यावरच्या कागदावर उजेडाची ताकद 'पाच मिलिवॅटपेक्षा कमी' अशी छापली होती. सवयीप्रमाणे सरांनी ठिपका टाकला आणि तो नेमका माझ्या भिंगात शिरला. मित्रांनो, आलेला प्रकाश एका बिंदूवर गोळा करणे हे भिंगाचे कामच. माझ्या आतला सेन्सर, म्हणजे माझ्या डोळ्याचा पडदा, तिथल्या तिथे भाजला आणि ही हिरवी रेघ कायमची उमटली.

कार्यालयातल्या साहेबांनी ताईंना बोलावून घेतले.

"पाडला असणार तुम्ही. हे काम आता दुसऱ्या कुणाला तरी द्यावं लागेल."

"साहेब, पाडला नाही हो. सरांच्या पॉइंटरचा उजेड आत गेला."

सर शेजारीच उभे होते. "पाच मिलिवॅटनं काय होतंय? स्पष्ट छापलंय की!"

ताई सरांकडे वळल्या. त्या म्हणाल्या, "सर, मोजलंत का तुम्ही?"

सरांचा चेहरा खर्रकन उतरला. ते पॉइंटर घेऊन प्रयोगशाळेत गेले आणि अर्ध्या तासाने परत आले.

"ब्याण्णव," ते म्हणाले. "पाच नाही, ब्याण्णव. साहेब, चूक माझी आहे. तसं लिहून देतो."

ताईंचे काम राहिले. मला किती हायसे वाटले म्हणून सांगू!

आता मी प्रयोगशाळेच्या कपाटात असतो. दर वर्षी पहिल्या तासाला सर मला बाहेर काढतात, माझे एक चित्र मुलांना दाखवतात आणि सांगतात, "ही रेघ माझी आहे. मी कागद वाचला, मोजलं नाही." व्याख्यान सुरू करायचे असले की ते आता नुसता हात वर करतात.

मित्रांनो, लेझर कुणावरही रोखू नका, माझ्यासारख्या काचेच्या डोळ्यावरसुद्धा नाही. त्या दिवशी ताई माझ्या शेजारीच, वीतभर अंतरावर उभ्या होत्या. माझ्या जागी नवा कॅमेरा आला. ताईंचा डोळा कुठून आणला असता?