कमानीचा मधला दगड

जरा पुढं सरकून बसा, मंडळी. एका दगडाची गोष्ट सांगतो. सूड आहे तिच्यात, कच्चा नव्हे, चांगला मुरलेला.

पाथरवटानं दगडावरची धूळ फुंकली आणि छिन्नी उचलली. नदीवरच्या पुलाची पडकी कमान नव्यानं बांधली जात होती. तिचा मधला दगड त्याच्याकडे आला होता. त्यावर ठेकेदाराच्या आजोबांचं नाव कोरायचं होतं, ‘पुलाचे निर्माते’ म्हणून.

"निर्माते!" तो बायकोला म्हणाला. "उद्घाटनाची घाई म्हणून चुना ओला असतानाच खालचा लाकडी आधार काढायला लावला त्या आजोबानं. सात माणसं गाडली गेली. वर हजेरीचा कागदही जाळला."

"बीपी वाढेल. आधी चहा घ्या."

त्या सातांची खरी नावं कुठंच नोंदलेली उरली नव्हती. पाथरवटाची आई हत्यारं घासताना त्यांची हाकेची नावं म्हणायची आणि लेकाकडून म्हणवून घ्यायची. हसरी, पाणक्या, दोघे जुळे, तोतरा, मामा, नवरदेव. नवरदेव म्हणजे त्याचा बाप.

तीच नावं त्यानं कोरली होती, दोन बोटं खोल. खरवडायची तर दगडच पोखरावा लागेल, आणि मधला दगड गेला की कमान खाली. ठेकेदार मजकूर बघायला फिरकलाच नव्हता. उद्या दगड गोणपाटात गुंडाळून वर चढणार होता.

शेवटची ओळ तेवढी कोरी होती. ‘यांना मारणारा’, आणि पुढं आजोबांचं नाव. चाळीस वर्षं तो हे शब्द मनात घोटत आला होता. त्यानं छिन्नी टेकवली.

बायको वाकून वाचत होती.

"हसरीच्या पाठीला बाळ बांधलेलं होतं ना हो? सासूबाई सांगायच्या. हजेरीत नव्हतं, म्हणून तुम्हीही नाही मोजलंत?"

हातोडा वरच राहिला.

"एकाच ओळीची जागा आहे," तो म्हणाला.

"मग बघा कुणाला द्यायची ते."

चुना पुरता वाळेपर्यंत त्यानं या खेपेला आधाराला कुणाला हात लावू दिला नाही. उद्घाटनाला गोणपाट सरकलं, तेव्हा ठेकेदार आजोबांना शोधत शेवटच्या ओळीपर्यंत गेला. तिथं दोनच अक्षरं होती.

त्या पुलाखालून कधी गेलात, तर मान वर करा बरं का. आणि त्या बाळाला तेवढं आठवा.