हबीबची थांबलेली पेटी

फरीदाबीनं हातातला कांदा परातीत आपटला. "बंद कर ते. आत्ताच्या आत्ता बंद कर."

फिरोजचे हात कीबोर्डवरच राहिले. उद्या त्याच्या पोरीची, अतियाची, रुखसती, म्हणजे सासरी पाठवणी, आणि रुखसतीला या घरात हबीबचंच गाणं व्हायचं. हबीब म्हणजे फरीदाबीचा नवरा, फिरोजचा बाप. बोरी अरबच्या मोहल्ल्यातली एकही पोरगी त्याच्या पेटीशिवाय सासरी गेली नव्हती. आता तो नव्हता. मागं उरली होती एका लग्नात भरलेली कॅसेट. ती फिरोजनं मोबाईलला ऐकवली, आणि मोबाईलनं कुठं कोणती कॉर्ड, म्हणजे कोणते सूर एकदम दाबायचे, ते ओळीओळीवर लिहून दिलं.

"काय बिघडलं, अम्मी? मशीननं अब्बाचंच ऐकून काढलं."

"त्या मशीनचे कान जळो. गाण्यातली पोरगी उंबरठ्याशी आली अन् तू मधातच नाच लावला. कोठून आणला तो?"

फिरोजनं कॅसेट लावली. उंबरठ्याची ओळ आली. पेटी थांबली, हबीबचा आवाजही थांबला, आणि रस्त्यावरून दुसऱ्याच कोणाच्या वरातीचा बँड ऐकू आला. घरातलं कोणतं, रस्त्यावरचं कोणतं, मोबाईलला काय कळणार? जे कानी पडलं ते त्यानं गाण्यात घालून टाकलं.

"तिथं टेप खराब असन," फिरोज म्हणाला. "पेटीच नाही वाजत."

"टेप खराब?" फरीदाबी उठली तशी गुडघ्यात कळ आली, आणि रागात भरच पडली. "तुया बापाचा एक हात भात्यावर राहे, एक सुरावर. त्या ओळीले तो दोन्ही हात उचले. दर लग्नात. डोळे पुसाले दोन्ही लागत त्याले. लोकायच्या पोरीसाठी रडे तो, अन् तू सोताच्या पोरीच्या रुखसतीत लोकायचा बँड वाजवतं?"

मोबाईल बाजूला ठेवून फिरोजनं गाणं पहिल्यापासून धरलं. उंबरठ्याशी हात उचलले, मनात मोजलं, हात खाली आणले.

"लवकर."

पुन्हा उचलले.

"उशीर. जेवाले गेलता का मधात?"

"मंग किती थांबू, अम्मी? तूच सांग न."

"मले काय इचारतं?" तिनं परात ओढली, सुरी उचलली. "उद्या अतिया तुया गळ्यातले हात काढन, तवा सुरू कर. अन् त्याच्याआधी बोट जरी लावलं, तर हे धूड हिरीत टाकीन."