दोनवाली पट्टी

दादाचा जन्माचा खाक्या एकच: अर्धं ऐकायचं आणि उरलेलं मनाने भरायचं. सकाळी ताईने त्याला फोनवर सांगितलं होतं, कॉम्प्युटरला मेमरीची पट्टी हवी आहे, येताना दोनवाली आण. "कळलं, कळलं," म्हणून त्याने फोन ठेवलाही. आता साडेबारा व्हायला आले होते, दादा कॉम्प्युटरचं झाकण काढून जमिनीवर बसला होता आणि पट्टी काही केल्या बसत नव्हती.

अंध मुलींच्या शाळेचा हा ब्रेल छापखाना म्हणजे एक खोली, एक छपाईयंत्र आणि ते चालवणारा म्हातारा कॉम्प्युटर. यंत्राची जाडजूड वायर फक्त त्याच्याच पाठीत बसे, म्हणून त्याला निवृत्त करता येत नव्हतं. दादाच्या या धाकट्या बहिणीला शाळेत सगळ्या ताई म्हणत; ती इथे छापलेली पानं बोटांनी तपासायची. तिला जन्मापासून दिसत नव्हतं. आज दोन वाजता अकरा मुलींचा भूमितीचा पेपर होता. प्रश्न कालच छापून झाले होते. आकृत्यांची फाइल मात्र इतकी अवजड, की तिसऱ्या पानावर कॉम्प्युटर धापा टाकून गप्प व्हायचा. मेमरी वाढली तरच निभावणार होतं, आणि छपाईला तास धरला तर पाऊण वाजता यंत्र सुरू व्हायलाच हवं होतं.

आकृत्या नसल्या की काय होतं, हे ताईला कुणी सांगायची गरज नव्हती. तिच्या स्वतःच्या परीक्षेत एका बाईंनी आकृती तोंडी सांगितली आणि काटकोन भलत्याच कोपऱ्यात सांगितला. ताई नापास झाली. बाई नंतर पुष्कळ हळहळल्या, पण त्याने निकाल थोडाच बदलतो? या पोरींचंही तसंच होणार, ही धास्ती तिला सकाळपासून होती.

खाली प्लास्टिक करकरलं.

"दादा, दाबू नकोस."

"तू गप बस गं. नवी आहे, जरा घट्ट असणारच."

त्याचा आवाज चढला होता, म्हणजे तो घाबरला होता. पुन्हा करकरलं. पट्टी बसते ती खोबण मोडली तर छपाई आजही नाही आणि उद्याही नाही.

ताईने खाली बसून त्याचं मनगट धरलं आणि पट्टी मागितली. नाजूक काम आहे, तुला काय कळणार, असं त्याने सुरू केलं. भोवऱ्यापासून शिवणयंत्रापर्यंत हेच ऐकत ती मोठी झाली होती. आज तिचं टाळकं सरकलं. दे म्हटलं ना, एवढंच ती म्हणाली, पण अशा सुरात की त्याने दिली.

आतली जुनी पट्टीही तिने काढून घेतली आणि दोन्ही एकमेकींना चिकटवून कडेने बोट फिरवलं. लांबी सारखी. जुनीची खाच मधल्या बाजूला, नवीची मात्र नखभर पलीकडे सरकलेली.

"ही दोनवाली नाही, दादा. तीनवाली आहे."

"दोनचीच आहे. आकडा वाचून घेतलीय मी, दोन जीबी."

हसावं की रडावं, ताईला कळेना. दोनवाली म्हणजे दुसऱ्या पिढीची; तिच्यात किती मावतं, याच्याशी त्या दोनचा काडीचा संबंध नाही. चुकीच्या पिढीची पट्टी शिरू नये म्हणूनच तर खाच सरकवलेली असते. ताईने हे सांगितल्यावर दादाने घड्याळ पाहिलं. दुकानात जाऊन यायलाच तास मोडला असता.

ऑफिसातला कारकुनांचा कॉम्प्युटर याच्याबरोबरच घेतलेला होता आणि कारकून रजेवर होते. त्यातली पट्टी काढून आण, ओरडा मी खाईन, असं ताईने सांगितलं. दादा धावत गेला, धावत आला आणि पट्टी तिच्या तळहातावर ठेवली. खाच जागच्या जागी होती. हिचा वेग थोडा कमी आहे, तो पुटपुटला. मग जुनीही हिच्याच वेगाने चालेल, ताई म्हणाली, आणि तिने स्वतः दोन्ही पट्ट्या खोबणीत बसवल्या.

दादाने बटण दाबलं. पंखा घरघरला. मग लांब शिटी, पुन्हा लांब शिटी, पुन्हा. म्हणजे मेमरी सापडत नाही. दादाने कपाळावर हात मारलेला तिला ऐकू आला. वीज बंद करायला सांगून तिने एकेक कड चाचपली. एका टोकाची खिट्टी वरच राहिली होती. तिने अंगठा रोवून दाबला. खट्.

या वेळी एकच आखूड शिटी झाली. यंत्र खडखडायला लागलं. पहिलं पान, दुसरं. तिसऱ्याला ताईने श्वास रोखला. तिसरंही आलं.

दोनला तीन मिनिटं असताना दादाने गठ्ठा परीक्षेच्या खोलीत पोचवला. मग घरी न जाता तो दाराबाहेर ताईशेजारी उभा राहिला.

"फोनवर विचारायला हवं होतं मी," तो म्हणाला. "चुकलंच माझं."

आतून कागदावर हळू हळू घासल्यासारखा आवाज येत होता. दादाने दाराला कान लावला.

"काय करतायत गं त्या?"

"आकृती बघतायत," ताई म्हणाली.