रबरी चपला

“ह्या बाई कोन हायेत वं?” गोपाळरावांनी सुनेला विचारलं.

आईच आहेत, असं मेघानं सांगितलं, तेव्हा त्यांनी मान डोलावली. पण ती नुसती सभ्यपणाची. ह्या बाई म्हणजे त्यांची बायको, सिंधूताई. नवऱ्यापुढे पोह्यांची बशी ठेवून त्या आत गेल्या.

गोपाळरावांचा जन्म हिंगण्याच्या कारखान्यात वायरमन म्हणून गेला. मुळात माणूस अबोल. लग्न नवं होतं तेव्हा बोलायला दुसरं काही सुचेना, म्हणून त्यांनी खिशातल्या वस्तू काढून बायकोला वीज समजावली होती. तांबं वीज जाऊ देतं, रबर अडवतं. सिलिकॉन ना धड असं, ना धड तसं; पण त्यात दुसऱ्या पदार्थाचा कण मिसळून ज्वारीच्या दाण्याएवढा डायोड करतात, त्यातून वीज एकाच बाजूनं जाते, उलटी येत नाही. सिंधूताईंना तेव्हा हसू आवरलं नव्हतं. आता वर्षभर तो दाणा त्यांना आठवत होता. आपलं बोलणं ह्यांच्याकडे जातं. तिकडून काही येत नाही.

दुपारी कूलरचं पाणी संपलं. उन्हानं डोकं भणभणत होतं. सिंधूताई बादली घेऊन तशाच अनवाणी ओल्या फरशीवर गेल्या आणि चालू कूलरच्या पत्र्याला ओला हात लावणार, तोच मागून आवाज आला.

“सिंधू, चप्पल घाल. पयले पिन काढ.”

त्यांनी वळून पाहिलं. गोपाळराव पुन्हा खिडकीबाहेर बघत बसले होते.

संध्याकाळी हे सांगताना सिंधूताई लाजल्यासारख्या झाल्या. “आता चपला लपवूनच ठेवा, आई,” मेघा हसत म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सिंधूताईंनी पिन आधीच काढून ठेवली. चपला दाराशी सोडल्या, हात ओले केले, ते कूलरच्या पत्र्याजवळ नेले आणि तशाच थांबून राहिल्या.

मागं खुर्ची करकरली. गोपाळराव भिंतीचा आधार घेत दारापर्यंत गेले, वाकून चपला उचलल्या आणि सिंधूताईंच्या पावलांपुढे जोडीनं, नीट मांडल्या.

“घाला बाई,” ते अदबीनं म्हणाले. “घरी तुमची वाट पाहून राहिले असतीन.”

सिंधूताईंनी हात पदराला कोरडे केले आणि एकेक पाय चपलेत घातला.