मला पुसून टाका

मित्रांनो, मी एक जुना क्लास आहे. शिकवणीचा नव्हे, प्रोग्रॅममधला. इस्पितळातल्या प्रत्येक रुग्णाची माहिती कशी ठेवायची, ते माझ्यात लिहिलेलं आहे.

जन्मलो तेव्हा माझ्यात तीनच रकाने होते: नाव, वय, रक्तगट. पण माझी भाषा जुनी. रकाना वाढला की तो भरायची ओळ वेगळी, वाचायची वेगळी, दोन नोंदी एकाच माणसाच्या आहेत का हे ताडायची वेगळी, आणि रुग्ण दुसऱ्या वॉर्डात गेला की नक्कल करायची वेगळी. सगळ्या हाताने लिहायच्या. रकाने चाळीस झाले आणि मी फुगत गेलो. "केवढा दणकट क्लास!" म्हणून इस्पितळाचे साहेब मला पाहुण्यांना दाखवायचे. दणकट कसला? नुसती सूज!

एके दुपारी साहेब प्रोग्रॅम लिहिणाऱ्या ताईंना म्हणाले, "'न चालणारं औषध' असा रकाना घाला. पाचपर्यंत हवा." ताईंनी तीन ओळी लिहिल्या. फोन वाजला. नकलेची ओळ राहिली. राहिली हे सांगायची माझ्या भाषेत सोयच नव्हती.

दोन दिवसांनी शिवणकाम करणाऱ्या एक मावशी आल्या. पाय सुजलेला. खाली त्यांची माहिती नीट भरली गेली. मग त्यांना तिसऱ्या मजल्यावर हलवलं, त्यांच्या नोंदीची नक्कल झाली आणि तो रकाना कोरा पडला. सिस्टरने स्क्रीनवर वाचलं: काही नाही. इंजेक्शन भरलं. मी समोर होतो, ओरडता येत नव्हतं.

"मावशी, कुठलं औषध चालत नाही असं आहे का हो?" तिने सवयीने विचारलं.

"कितीदा सांगू गं बाई? खाली त्या पोरीने टाइपसुद्धा केलं!"

"काय सांगितलंत?"

"पेनिसिलीन. मागल्या खेपेला घसाच मिटला होता माझा. तुमचं यंत्र काय झोपा काढतंय?"

सिस्टरचा हात सुईसकट थांबला.

साहेब ताईंवर कडाडले, "एक साधी ओळ विसरलात?"

"साधी होती म्हणूनच विसरले. नव्या भाषेत रकाना एकदा सांगितला की बाकीचं ती स्वतः करते. दोन वर्षं मागतेय मी."

"चालतंय ना? मग हात कशाला लावायचा?"

राहिलेली ओळ ताईंनी घातली. उद्या बेचाळिसावा रकाना येतोय. पुन्हा चार ओळी.

मित्रांनो, जुन्या वस्तू तुम्हाला म्हणतात, आम्हाला जपा. मी म्हणतो, मला पुसून टाका. एकदा सांगून भागतं ते माणसाकडून चारदा लिहून घेणं ही निव्वळ बेपर्वाई आहे. मोठेपणी साहेब झालात तर ताईंचं ऐका. विचारणारी सिस्टर प्रत्येक मजल्यावर असेलच असं नाही.